गिरणीमागचं ऊन पाणी

सोजरबाईंना आमच्या दवाखान्यात घेतलं होतं ते झाडलोटीला आणि पाणी भरायला. पोरांची खरूज बरी करायला त्यांना कुणी ठेवलेलं नव्हतं. ही गोष्ट पुढं कमिटीनं त्यांना पुष्कळदा सांगितली, आणि दर वेळी त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. ऐकून घ्यायला त्यांची कधी ना नव्हती.

मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. नाव शिवशरण. घरात कानडी, बाहेर मराठी आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यापुरतं इंग्रजी, एवढ्या बळावर मी सोलापुरात एकोणतीस वर्षं औषधं कालवली. दवाखाना धर्मार्थ होता. गिरणीच्या चाळींच्या तोंडाशी एक बैठी इमारत, पुढं ओसरी, ओसरीवर दोन बाकं. शहरातली चार सुखवस्तू माणसं कमिटीवर होती आणि त्यांचे सेक्रेटरी आबासाहेब हे जवळच्या कापडगिरणीतही मोठ्या हुद्द्यावर होते. डॉक्टर दिवाण रोज सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सहा येत. माणूस हुशार, हाताला गुण असलेला, पण कमिटीपुढं उभं राहायची वेळ आली की त्यांना घाईचं काम आठवायचं. मला त्यांना नावं ठेवायचा अधिकार नाही. मी त्यांच्याहून भित्रा होतो.

सोजरबाई मंद्रूपच्या. नवरा मानमोडीच्या साथीत तीन दिवसांत गेला. दिरांनी शेतात पाय ठेवू दिला नाही, तेव्हा त्या सोलापुरात आल्या आणि गिरणीत रिळं भरायच्या खात्यात लागल्या. तिथं सहा वर्षांनी डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेली. बोटांमागोमाग गिरणीनं त्यांनाही सोडून दिलं आणि कुणाच्या तरी शब्दावर त्या आमच्याकडं आल्या. हे १९२६ साल. तेव्हा त्या पस्तिशीच्या असतील. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. तीन बोटांच्या हातानं त्या भरलेली घागर उचलायच्या आणि कुणी मदतीला पुढं आलं की म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या की. हात हाय अजून."

गुरुवारी शाळेची पोरं यायची. मास्तरांची चिठ्ठी घेऊन ओसरीवर रांग लागायची. कुणाचे डोळे आलेले, कुणाचा कान वाहतोय, कुणाच्या डोक्यात खवडे, कुणाच्या गालावर गजकर्णाचं वाटोळं. डोळ्यांना बोरिकचं पाणी, खवड्यांना जांभळं पाणी, गजकर्णाला आयोडिन. पण शंभर पोरांतली सत्तर खरजेची असत. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, काखेत, कमरेला पुळ्या, खाजवून खाजवून पिकलेल्या. मी बरणीतलं पिवळं गंधकाचं मलम कागदावर घ्यायचो, पुडी करायचो आणि प्रत्येकाला एका दमात तेच सांगायचो. ऊन पाण्यानं अंघोळ कर, तरटानं अंग घासून काढ, मग मलम लाव, तीन दिवस लाव, कपडे उकळून घे, चल पुढचा. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याचा अर्थ काय होतो हे मला कळेनासं झालं होतं.

सोजरबाई ओसरी पुसता पुसता ते ऐकायच्या.

चाळीत राहणारी रुक्मिणी नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचा बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, आई घरी विड्या वळायची. तिच्या बोटांच्या बेचक्या इतक्या पिकलेल्या होत्या की तिला पाटीवरची लेखणी धरता येत नव्हती. ती सात गुरुवार सलग आली. सात वेळा मी पुडी दिली, सात वेळा वाक्य म्हटलं. आठव्या गुरुवारी ती आली ती मास्तरांच्या चिठ्ठीशिवाय.

"चिठ्ठी कुठं?" मी विचारलं.

"न्हाय. माजं नाव काढलं," ती म्हणाली.

शाळेचे हेडमास्तर कुंडलिक मास्तर. इन्स्पेक्टरनं तपासणीत वर्गभर खाजवणारी पोरं बघितली आणि त्यांना बोल लावला. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी नियम केला. ज्याच्या अंगावर खरूज त्याचं नाव पटावरून कमी, दवाखान्यातून 'बरा' अशी चिठ्ठी आणली तरच परत. पहिल्या आठवड्यात सव्वीस नावं गेली.

सोजरबाईंनी फडकं बादलीत टाकलं आणि त्या सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी गेल्या. बाकावर माणसं होती.

"डाक्तरसायब, ह्या पोरीला सात आटवडं मलम दिलं. बरी का हुईना?"

डॉक्टरांनी वर बघितलं. "अंघोळ करत नसेल. मळावर मलम लावून उपयोग नाही. शिवशरण सांगतो ना त्यांना?"

"सांगत्यात की. ऊन पानी घ्या म्हनत्यात. कुटलं ऊन पानी?"

"ते त्यांच्या आईबापांनी बघायचं. तू आपलं काम कर."

त्यांनी त्या दिवशी काम केलं. पण संध्याकाळी त्या रुक्मिणीच्या मागोमाग चाळीत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"अप्पा, तितं चौदा बिऱ्हाडांना एक नळ हाय. पानी येतंय अर्धा घंटा. एका बिऱ्हाडाला दोन घागरी. त्यात पेयाचं, सैपाकाचं, आन सा मानसं. जळन आनत्यात ते भाकरीपुरतं. त्या पोरीची आई मला म्हनली, बाई, ऊन पान्यानं न्हायला आमी काय बाळंतीन हाय का. आता बोला."

मी बरणीचं झाकण पुसत राहिलो.

ऊन पाणी कुठं आहे ते सोजरबाईंना ठाऊक होतं. गिरणीत काम केलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनाचं पाणी मागच्या भिंतीतल्या मोरीतून बाहेर पडायचं आणि मोकळ्या जागेतून नाल्याला जायचं. दिवसभर धो धो वाहायचं, हात सोसवेल इतपत गरम, वर तेलाचा अगदी पातळ तवंग. थंडीत त्या जागेवरून वाफ उठलेली रस्त्यावरून दिसायची. एवढं पाणी रोज फुकट जात होतं आणि पाव मैलावर पोरं खाजवत बसली होती.

रविवारी इंजिन बंद, म्हणून रविवार उपयोगाचा नव्हता. शनिवारी मात्र शाळा सकाळची, दवाखाना अकराला बंद आणि गिरणी चालू. सोजरबाईंनी शनिवारची दुपार धरली. शुक्रवारी त्या माझ्याकडं मलम मागायला आल्या.

"किती?" मी विचारलं.

"सा पोरांना तीन दिस पुरंल इतकं."

"डॉक्टरांना विचारावं लागेल."

"तुमी गुरवारी पुड्या बांदून देताच की. त्याच सा पोरांच्या पुड्या माज्या हातात द्या. न्हायतरी घरी नेऊन त्या मळावरच फासनार हायत."

मी पुड्या दिल्या.

त्या शनिवारी मी गेलो नाही. पुढं काय काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. रुक्मिणी आणि आणखी पाच पोरींना घेऊन त्या मोरीपाशी गेल्या. तरटाचे तुकडे आणि कपड्याचा साबण बरोबर होता. एकेकीला पाण्याखाली बसवून त्यांनी नखशिखांत घासलं. पुळ्या फुटल्या, पोरी रडल्या. रुक्मिणीनं त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. त्यांनी तो घेऊ दिला आणि घासायचं थांबवलं नाही. कपडे ऊन पाण्यात भिजवून, दगडावर आपटून उन्हात टाकले, ते वाळेतोवर पोरींना आपल्या दोन जुन्या लुगड्यांत गुंडाळून बसवलं आणि मानेपासून तळव्यापर्यंत मलम चोळलं. पुढचे दोन दिवस संध्याकाळी चाळीत जाऊन त्याच चोळून येत. पुढल्या शनिवारी पुन्हा मोरी.

तिसऱ्या आठवड्यात रुक्मिणी दवाखान्यात आली आणि तिनं दोन्ही हातांची बोटं फाकवून माझ्यापुढं धरली. कातडी गुलाबी होती, डाग होते, पण एकही पुळी नव्हती. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि 'बरी' अशी चिठ्ठी दिली. काय केलं म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं.

मग पोरं वाढली. सहाची पंधरा झाली, पंधराची चाळीस. गिरणीत बॉयलरवर मायाप्पा नावाचा माणूस होता. त्यानं एकदा भिंतीवरून डोकावून हे सगळं बघितलं. त्याचीही तीन पोरं खरजेनं बेजार होती. दुसऱ्या शनिवारी ती रांगेत आली.

एका शनिवारी दुसरीच सात पोरं लांब उभी राहिलेली दिसली. ती पलीकडच्या वस्तीतल्या निराळ्या शाळेची होती. तेव्हा अस्पृश्य म्हणत त्या जातींच्या पोरांची शाळाच वेगळी असे. आमच्या दवाखान्यातही त्यांना ओसरीवर घेत नसत. ती मागच्या खिडकीखाली उभी राहायची आणि मी पुडी वरून खाली सोडायचो. हे मी वर्षानुवर्षं केलं. आज लिहितानाही ते वाक्य नीट लिहवत नाही.

सोजरबाईंनी त्या पोरांना हाक मारली. चाळीतल्या आया लगेच पुढं आल्या. त्यातली एक म्हणाली, "सोजराक्का, ही पोरं आमच्या पोरांसंगट न्हात असतील तर आमी आमची नेतो."

"न्या की," सोजरबाई म्हणाल्या. "पानी वाहतंय. कुनाच्या बापाला थांबून ऱ्हाईना ते. ज्याला हितलं नको त्यानं घरी ऊन पानी करावं."

नऊ पोरं त्या दिवशी घरी नेली गेली. पुढच्या महिन्याभरात सहा परत आली, तीन आली नाहीत.

ह्या प्रसंगाबद्दल मी पुढं त्यांची वाहवा करू लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "तसं न्हाय अप्पा. त्यातलं पयलं पोरगं म्होरं बसलं तवा माजा हात अडला. मंद्रूपला आमच्या घरी लई कडक हुतं. तरट हातात आन हात हलंना. पोरगं माज्याकडं बघाय लागलं. त्याला ठाऊक हुतं मी का थांबले ते. मग लाज वाटली आन हात चालला. धाडस-बिडस काय न्हाय त्यात."

ही बातमी गिरणीच्या कचेरीत जायला वेळ लागला नाही. आवारामागं पोरांची गर्दी होते, कुणी आत शिरेल, कुणी भाजून मरेल, असं आबासाहेबांचं म्हणणं पडलं. एका शनिवारी सोजरबाई चाळीस पोरं घेऊन गेल्या तर मोरीभोवती लोखंडी जाळीचं कुंपण उभं होतं आणि दाराला कुलूप.

त्या दिवशी मी होतो. पोरं वाढल्यामुळं मलमाचा डबा जड झाला होता आणि तो पोहोचवायला म्हणून मी मागून आलो होतो. मला वाटलं, आता परत फिरतील. सोजरबाईंनी कुलूप हातात घेऊन बघितलं, सोडलं आणि पोरांना म्हणाल्या, "चला, पुढल्या अंगाला."

पुढल्या अंगाला गिरणीची कचेरी. फरशी घातलेला व्हरांडा, गुळगुळीत बाकं, कुंड्यांतली झाडं. सोजरबाई पोरांना घेऊन पायऱ्या चढल्या आणि त्यांनी सगळ्यांना रांगेत बसवलं. बाकांवर, फरशीवर, दारात. मी रस्त्यापलीकडं डबा घेऊन उभा राहिलो. आत जायची माझी हिंमत झाली नाही.

हेडक्लार्क धावत बाहेर आला. "काय आहे हे? कुणाला भेटायचंय?"

"कुनाला न्हाय. आमचं पानी बंद केलंय, ते सुरू हुईस्तवर आमी हितंच बसतो."

पोरं बसली आणि पोरांनी जे करायचं तेच केलं. चाळीस पोरं खाजवायला लागली. बाकाच्या कडेवर पाठी घासू लागली. दहा मिनिटांत कचेरीतल्या एका कारकुनानं स्वतःचं मनगट खाजवलं, मग दुसऱ्यानं. खिडक्या बंद झाल्या. कापूस घ्यायला आलेला एक व्यापारी पायरीवरूनच मागं वळला. मॅनेजरसाहेब बाहेर आले, त्यांनी एक नजर टाकली आणि आबासाहेबांना बोलावणं धाडलं.

आबासाहेब टांग्यातून उतरले ते संतापूनच. "सोजरा, कुणाच्या हुकमानं ही पोरं इथं आणलीस?"

सोजरबाई उठून उभ्या राहिल्या. उंचीनं त्या आबासाहेबांच्या बरोबरीच्या होत्या. "खरजंला हुकूम लागतो व्हय, आबासायब? ती तर बिनहुकमाची सगळ्यांकडं जाती."

"तू दवाखान्याची नोकर आहेस. झाडू मारायला ठेवलंय तुला."

"तेच करते की. मळ काढते."

आबासाहेबांचं तोंड लाल झालं. पण मॅनेजरसाहेबांना आपला व्हरांडा रिकामा हवा होता, तोही लगेच. ते तुटक स्वरात म्हणाले, "आजच्या दिवस उघडा ते." कुलूप निघालं. त्या दुपारी चाळीसच्या चाळीस पोरं न्हाली. मी डबा घेऊन जाळीच्या आत गेलो आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मलम चोळलं. त्याआधी अकरा वर्षं मी ते फक्त पुड्यांत बांधलं होतं.

सोमवारी सकाळी आबासाहेब दवाखान्यात आले. डॉक्टरांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी मला माफीनामा लिहायला सांगितला. त्यांनी सांगितलं तसा मी लिहिला. अक्षर माझं चांगलं होतं. मग शाईची गादी घेऊन मला सोजरबाईंपुढं उभं केलं.

"अंगठा कर इथं," आबासाहेब म्हणाले. "मग तुझी नोकरी तुझ्यापाशी."

"अप्पा, वाचा की काय लिवलंय ते," सोजरबाई मला म्हणाल्या.

मी वाचलं. मी अज्ञानानं आणि चुकीनं शाळेच्या मुलांना गिरणीच्या हद्दीत नेलं, दवाखान्याच्या नावाला कमीपणा आणला, त्याबद्दल मी माफी मागते आणि पुन्हा असं करणार नाही.

त्यांनी मान हलवली. "परत वाचा."

मी परत वाचलं. माझा आवाज मलाच नकोसा झाला.

"चुकीनं म्हनजे कंचं चुकीचं? पोरं बरी झाली ते, का बरी न होता ऱ्हायली हुती ते?"

"वाद घालू नकोस," आबासाहेब म्हणाले.

"वाद न्हाय. मला समजंना म्हनून इचारते. डाक्तरसायब, तुमी सांगा. तुमच्या पुस्तकात काय लिवलंय? ऊन पान्यानं घासा असंच हाय न्हवं? मग मी पुस्तकातलंच केलं की."

डॉक्टर दिवाण खिडकीतून बाहेर बघत होते. "सोजरबाई, करा अंगठा. उगाच वाढवू नका," ते हलकेच म्हणाले.

सोजरबाईंनी आपला उजवा हात पदरात गुंडाळून घेतला. डावा, तीन बोटांचा, त्यांनी पुढं केला.

"ह्या हाताचा अंगठा गिरनीनं एकदा घेतलाय. बोटं गेली तवा कागूद पुढं केला, मी कायबी न इचारता अंगठा दिला. त्यात काय लिवलं हुतं ते मला अजून ठाव न्हाय. आता ह्या कागदात काय लिवलंय ते ठाव हाय, म्हनून देत न्हाय."

त्यांनी झाडू कोपऱ्यात नीट उभा केला, बादली पालथी घातली, चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि पायरी उतरून गेल्या. माझ्या हातात शाईची गादी तशीच होती.

पुढच्या शनिवारी जाळीला पुन्हा कुलूप, शिवाय एक पहारेकरी. मलमही बंद, एकही पुडी बाहेर जाता कामा नये असा मला लेखी हुकूम होता.

त्याच्या आधीच, गुरुवारी संध्याकाळी, सोजरबाई माझ्या घरी आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "मलम नगं. तुमची नोकरी जायाला नगं. फकस्त सांगा, गंधक किती आन तेल किती."

काष्ठौषधीच्या दुकानात गंधक मिळत होता आणि करंजाचं तेल चाळीत घरोघरी असे. मी सांगितलं, "दहाला एक. तान्ह्या पोराला वीसाला एक. गंधक आधी वस्त्रगाळ करा, खडा राहिला तर कातडी सोलेल." माझ्या बायकोनं त्यांना आमचा लहान खल दिला. मी घातलेली भर एवढीच, आणि तीही दाराची कडी लावून.

आता पाण्याचं. सोजरबाई शेतकऱ्याची लेक होत्या. कुलूप दाराला होतं, पण पाणी जाळीखालून वाहतच होतं, पुढं उतारानं नाल्यात जात होतं. नाल्यात पोहोचेपर्यंत ते घाण होत होतं एवढंच. त्या शनिवारी सोजरबाई खोरं घेऊन आल्या. जाळीच्या बाहेर चार हातांवर त्यांनी मातीचा बांध घातला आणि तिथून डाव्या अंगाला पाट काढायला घेतला, रानात पिकाला पाणी देताना काढतात तसा. ती जागा गिरणीची नव्हती, पडीक होती. मोठ्या पोरांनी दगड आणून दिले. पहारेकरी जाळीच्या आत उभा राहून बघत होता. त्याला जाळी राखायला सांगितलं होतं, ती तो राखत होता. तासाभरात वाफाळतं पाणी पाटानं येऊन एका सपाट फरशीसारख्या दगडावर पडायला लागलं.

आबासाहेबांना निरोप गेला. ते आले आणि लांबूनच बघत राहिले.

"पान्याला कुलूप लागत न्हाय, आबासायब," सोजरबाई तरट हातात घेऊन म्हणाल्या. "मोरीच बुजवायची तर बुजवा. मग तुमचं इंजिन कुटं पानी सोडंल ते मायाप्पाला इचारा."

मायाप्पा भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. तो तिथून हलला नाही. मोरी बुजवणं शक्य नव्हतं. आबासाहेब टांग्यात बसून गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी, पोरांची रांग अर्धी झाली असताना, कुंडलिक मास्तर आले. त्यांच्या हाताला त्यांची पाच वर्षांची, शाळेत बिगरीत बसणारी मुलगी, सरोजिनी. तिला त्यांनी भर दुपारी शालीत लपेटून आणलं होतं. मास्तर बराच वेळ बाजूला उभे राहिले. कुणी काही विचारेना, तेव्हा तेच म्हणाले, "बाई, हिच्या हातांना जरा... घरी सगळं करून बघितलं."

सोजरबाईंनी मुलीची बोटं फाकवून बघितली. "खरूज हाय. रांगंत बसवा."

"जरा आधी घेता येईल का?"

"न्हाय. पुढं तेरा हायत."

मास्तर थांबले. त्यांच्या मुलीच्या आधी बसलेली तेरा पोरं त्यांच्याच शाळेची होती आणि त्या सगळ्यांची नावं त्यांनीच आपल्या हातानं खोडलेली होती. सरोजिनीचा नंबर आला, ती रडली, घासली गेली, मलम लागलं. निघताना सोजरबाई म्हणाल्या, "हिचं नाव काडलं का पटावरनं?"

मास्तर मुलीची शाल नीट करू लागले.

"मग ह्यांचीबी परत लिवा. बरं हुईस्तवर घरी बसवून पोरगं बरं हुत न्हाय, मास्तर. तुमीच बगितलं."

सोमवारी त्या स्वतः पोरांना घेऊन शाळेत गेल्या. अंगणात उभं करून हात पुढं करायला लावले. मास्तरांनी पट बाहेर आणला आणि एकतीस नावं परत लिहिली. त्यातली आठ अजून पुरती बरी नव्हती. त्यांना मास्तरांनी शेवटच्या बाकावर बसवलं, पण आत बसवलं. नियम मागं घेतल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तो परत कधी वापरलाही नाही.

दीड वर्षानं डॉक्टर दिवाणांनी मला सोजरबाईंकडं पाठवलं. दवाखान्यात गुरुवारी येणारी पोरं निम्म्याहून कमी झाली होती आणि कमिटीलाही ते दिसत होतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तांब्याचा मोठा बंब बसवायचं ठरलं होतं. रोज ऊन पाणी, आणि ते काम सोजरबाईंनी बघायचं, झाडूचं नाही. ही चांगली बातमी म्हणून मी धावत गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पलीकडच्या वस्तीची पोरं कुटल्या दारानं येनार?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"इचारून या, अप्पा."

मी विचारून आलो. कमिटीनं त्या पोरांसाठी मागच्या अंगणात निराळी बादली ठेवायचं कबूल केलं होतं. त्याहून पुढं जायला मंडळी तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले, हेही काही कमी नाही, हळूहळू होईल. मी ते जसंच्या तसं सोजरबाईंना सांगितलं.

"मग बंब तुमाला लखलाभ," त्या म्हणाल्या. "माजा पाट हाय."

मी त्यांना खूप समजावलं. पावसाळ्यात पाट वाहून जातो, पुढं तुमचं वय होईल, इथं छपराखाली काम आहे. पोरांना नीट मिळेल. हे सगळं खरं होतं. त्यांनाही ते खरं वाटत होतं. शेवटी म्हणाल्या, "बंबाचं पानी चांगलं हाय. चाळीतल्या पोरांना मीच धाडते तुमच्याकडं. पन मी येत न्हाय." आणि त्यांनी तसंच केलं. चाळीतली बरीच पोरं दवाखान्यात येऊ लागली. पाटावर उरली ती मुख्यतः पलीकडच्या वस्तीची आणि ज्यांच्या आयांना सोजराक्काच्याच हातची सवय होती ती. पाऊस पडला की पाट मोडायचा. उघडीप झाली की त्या परत काढायच्या.

पाट असा एकंदर सहा वर्षं चालला. पोटाला त्या चाळीत बाळंतिणींची कामं करत, कुणाचं दळण, कुणाचं धुणं. १९३३ साली गिरणीनं इंजिन बदललं आणि पाण्याची वाट जमिनीखालून नळानं नेली. त्या शनिवारी मोरी कोरडी पडली. त्या दोन शनिवार तिथं जाऊन बसल्या, मग मंद्रूपला परत गेल्या. दिरांचा पोरगा कर्ता झाला होता. त्यानं त्यांना ओसरीवरची एक खोली दिली, असं कळलं.

आमच्या दवाखान्यात मागचं अंगण आणि निराळी बादली पुढंही तशीच राहिली. मी एक-दोनदा डॉक्टरांजवळ विषय काढला. एकदा कमिटीपुढंही बोललो. कुणी काही मनावर घेतलं नाही. पण मागच्या खिडकीतून पुडी खाली सोडणं मात्र मी बंद केलं. मी बाहेर जाऊन, त्या पोरांपाशी खाली बसून मलम लावायचो. आबासाहेबांनी एकदा ते पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाच्या हुकमानं?" मला सोजरबाईंसारखं उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "असंच लावायचं असतं, साहेब," आणि लावत राहिलो.

त्यांची माझी शेवटची भेट मंद्रूपच्या आठवडी बाजारात झाली. मी एका नातलगाच्या लग्नाला आलो होतो. बाजाराच्या टोकाला शाळेच्या दारात काही गलका होता. बघतो तर सोजरबाई. केस पांढरे झालेले, पाठ तितकीच ताठ. समोर तिथला तरुण मास्तर, आणि मध्ये एक शेंबडं पोरगं, डोक्यात खवडे झालेलं.

"त्याला आत घेत न्हाय म्हनजे?" त्या विचारत होत्या.

"बाई, नियम आहे," मास्तर म्हणत होता.

"बरं," सोजरबाई म्हणाल्या आणि पोराला मांडीवर घेऊन शाळेच्या उंबऱ्यावरच ऐसपैस बसल्या. "मग मी हितंच बसते. अप्पा, तुमी हाय का? बरं झालं. ते खवड्याचं जांभळं पानी कसं करत्यात, ते ह्या मास्तरला जरा सांगा."